डाळ शिजली तर बदली

नाशिकच्या माणसाला आपल्या गावची हवा ही स्वतःची कमाई वाटते. "आमच्याकडे मे महिन्यातसुद्धा पहाटे चादर ओढावी लागते," हे तो अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, रोज संध्याकाळी हाच माणूस गच्चीवर चढून गावावर फुंकर घालत असणार. नदीचं नाव गोदावरी, पण ते भूगोलाच्या पेपरात लिहिण्यापुरतं. आमच्यासाठी ती गंगा, आणि उत्तरेत जी कुणी आहे ती बहुधा हिची लांबची नातेवाईक. द्राक्षं आमची, चिवडा आमचा, थंडी आमची. मी याच गावात जन्मले, इथंच शिकले आणि लग्न झाल्यावर एका गल्लीतून उचलून दुसऱ्या कॉलनीत ठेवली गेले. तेव्हा गावाला नावं ठेवायचा मला पूर्ण हक्क आहे, आणि तो मी इथं पोटभर वापरणार आहे.

आमचं बिऱ्हाड द्वारकेच्या चौकाजवळ होतं. त्या चौकातून ट्रक मुंबईला जायचे, आग्र्याला जायचे, पुण्याला जायचे. रात्रंदिवस सगळा देश आमच्या खिडकीखालून हॉर्न वाजवत जायचा. पण माझ्या सासरच्यांच्या मते जग या चौकातच संपत होतं. मालेगाव म्हणजे परमुलूख. पुणं म्हणजे नाइलाज. आणि सोलापूरच्या खाली जे काही असेल ते सगळं मिळून एक मद्रास, जिथं माणसं सकाळी भात खातात, दुपारी भात खातात आणि मधल्या वेळेत भाताची वाट बघतात.

सत्तरच्या दशकात मी बँकेत क्लार्क म्हणून लागले होते. "मुलगी बँकेत आहे," हे माझं स्थळ सांगताना माझ्या माहेरचे ज्या सुरात म्हणायचे, त्याच सुरात बाजारात "म्हैस दुभती आहे" म्हणतात. सासरच्यांनी म्हैस बांधून घेतली. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. सगळं घर त्यांना दादा म्हणायचं. शाळा सुटून वर्षं झाली होती, पण त्यांच्या डोक्यातली घंटा काही वाजली नव्हती. घरात कुणी तोंड उघडलं की ते हाताने खाली बसायची खूण करत. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होता. सज्जन माणूस, पण त्याच्या मताला वडिलांच्या मताआधी घराबाहेर पडायची परवानगी नव्हती. पलीकडच्या गल्लीत दादांचे धाकटे भाऊ राहायचे. त्यांना आम्ही काका म्हणायचो, आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज त्यांना दोन गल्ल्या ओलांडून ऐकू जायचा. सासूबाई या सगळ्यांमध्ये असायच्या, म्हणजे ओट्याशी असायच्या. त्या दिवसाला मोजकीच वाक्यं बोलत, आणि त्यांतली बरीचशी मांजराला उद्देशून असत.

ऐंशी साल उलटल्यावर मी बँकेची ऑफिसरची परीक्षा दिली. पोळ्या लाटता लाटता बँकिंगचे कायदे पाठ केले. अजूनही चेक न वटल्याचं कलम आठवलं की माझ्या बोटांना पीठ लागल्यासारखं वाटतं. मी पास झाले. आमच्या शाखेत माझ्यानंतर लागलेला एक गृहस्थ होता, व्हाउचरवर मान टाकून झोपायचा, आणि उठला की व्हाउचरवर पानाचा डाग असायचा. तोही पास झाला, कसा ते पान जाणे. त्याला नेमणूक मिळाली नाशिक रोडला. मला मिळाली दक्षिणेत, बंगळूरच्याही खाली बसने जावं लागेल अशा एका छोट्या शहरात. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत, आणि माझ्याबद्दलची त्यांची मतं त्यांच्यापाशीच राहिलेली बरी.

अट सरळ होती. महिनाअखेरपर्यंत हो म्हणायचं. नाही म्हटलं तर नाव यादीतून जाणार, पुन्हा वर्षानुवर्षं येणार नाही. तोवर तो पानवाला आमच्याच शाखेत माझा साहेब होऊन येणार आणि मी त्याच खिडकीत, त्याच पत्र्याच्या स्टुलावर, केस पिकेपर्यंत नोटा मोजत बसणार. बँकेतल्या माझ्याआधीच्या प्रत्येक बाईने नाही म्हटलं होतं. काहींनी तर पेढे वाटून नाही म्हटलं होतं.

घरी सभा भरली. दादा आरामखुर्चीत, काका पाटावर, नवरा दाराच्या चौकटीला टेकून, म्हणजे ना आत ना बाहेर. मला बोलावलं गेलं ते चहा घेऊन.

"मी रामेश्वर केलंय," काकांनी सुरुवात केली. त्यांची प्रत्येक गोष्ट इथूनच सुरू व्हायची. त्यांनी एकदा यात्रा कंपनीच्या बसमधून रामेश्वर केलं होतं. जाताना झोपले होते, येताना त्यांचं पोट बिघडलं होतं, आणि तेव्हापासून ते दक्षिण भारताचे तज्ज्ञ होते. "तिथं पोळी नावाचा पदार्थ नाही. तुम्ही पोळी म्हणा, ते तुमच्याकडे असे बघतात, जसं काही तुम्ही त्यांची गाय मागितली."

"भाषेचं काय?" दादा म्हणाले. "पोरीचं शिक्षण कोणत्या भाषेत होणार?"

माझी पोरगी चार वर्षांची होती आणि त्या वेळी खाटेखाली बसून काकांच्या चपलेशी बोलत होती. तिला अजून कुठल्याच भाषेची अडचण आली नव्हती.

"तुमचं काय म्हणणं आहे?" मी नवऱ्याला विचारलं.

"दादा म्हणतायत ते बघावं लागेल," तो म्हणाला.

"दादांनी अजून काही म्हटलेलं नाही."

"तेच. म्हणू दे की."

तेवढ्यात ओट्याकडून आवाज आला. आधी वाटलं मांजराशी बोलतायत. पण सासूबाई आमच्याकडे वळल्या होत्या.

"तिथल्या पाण्यात डाळ शिजते का?"

पुरुषमंडळी हसली. ज्यांनी आयुष्यात कधी डाळ चुलीवर ठेवली नाही त्यांना हा विनोद वाटणारच. पण आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. मुलगी द्यायची असो की बिऱ्हाड हलवायचं असो, आधी गावचं पाणी विचारतात. पाणी जड असेल तर तुरीची डाळ तासन् तास रटरटली तरी अख्खी राहते, पाणी एकीकडे आणि दाणे एकीकडे, भांडलेल्या भावांसारखे. अशा गावात बाईचा जन्म फुंकणी फुंकण्यात जातो. चांगल्या पाण्यात तीच डाळ लोण्यासारखी विरघळते.

हसून झाल्यावर दादांना त्या प्रश्नात सोय दिसली. एका सुशिक्षित मुख्याध्यापकाला "सून आपल्या पोरापेक्षा वरच्या हुद्द्यावर जाते ते मला सोसत नाही" असं म्हणता येत नाही. पण "पाणी तपासू" म्हणता येतं. त्यात विज्ञान आहे. त्यांनी हाताने सगळ्यांना बसायची खूण केली, बसलेल्यांनाही.

"ठरलं. गाव बघून यायचं. तिथलं पाणी आणायचं. डाळ शिजली तर विचार करू. नाही शिजली तर विषय संपला."

अशा रीतीने एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या होऊ घातलेल्या अधिकाऱ्याची बढती वाटीभर तुरीच्या डाळीवर येऊन ठेपली.

मला एकटीला पाठवणं शक्यच नव्हतं. उद्या जी बाई अख्ख्या शाखेच्या तिजोरीची किल्ली सांभाळणार होती, तिला आज आगगाडीत सांभाळायला पुरुष हवा होता. नवऱ्याला रजा मिळाली नाही. त्याने मागितली असती तर कदाचित मिळाली असती. म्हणून काका निघाले. त्यांच्यासोबत धोतराची पिशवी, पानाचा डबा, एका पलटणीला पुरेल इतका चिवडा, दशम्या, ठेचा आणि सासूबाईंनी दिलेला फिरकीच्या झाकणाचा भला मोठा पितळी तांब्या. "पाणी यातच आणायचं," त्यांनी बजावलं. "घासून दिलाय. दुसरं काही यात ओतू नका." मी पोरीची बालवाडीची प्लास्टिकची वॉटरबॅग गळ्यात अडकवली. तिच्यावर एक ससा होता आणि त्याचा एक कान पुसला गेला होता.

मनमाडला गाडी धरली. पुढचा प्रवास काकांनी चिवड्याच्या जोरावर केला. सोलापूर गेल्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली, कारण बाहेरची हवा आता परकी होती. गुंटकलला एका प्रवाशाने त्यांना केळं दिलं, तर ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "आपल्यासारखंच आहे."

गाव कसं होतं? मी सांगते, आणि यात तिखटमीठ लावत नाही, लावलं तर चवीपुरतंच. एक टेकडी, टेकडीवर देऊळ. एक नदी, नदीत पाणी सोडून सगळं. रस्त्यावर इतक्या सायकली की चालणाऱ्या माणसाला लोक वळून बघायचे. सिनेमाची पोस्टरं तीन मजली, आणि पोस्टरांवरच्या नटांच्या मिशांवर कावळ्यांचं कुटुंब आरामात राहिलं असतं. पाट्यांवरची अक्षरं अशी की हलवायाने घाईत जिलब्या सोडल्यात. बँकेची शाखा एका सायकलदुकानाच्या आणि कॉफी दळणाऱ्या गिरणीच्या मधे. आत गेलं की नोटांनासुद्धा कॉफीचा वास. तिथल्या मॅनेजरांनी मला बसवलं, कॉफी मागवली, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हातभर उंचीवरून ओतून दाखवली आणि इंग्रजीत विचारलं, "यजमान येणार ना?" मी विचार करते म्हटलं. ते काळजीने म्हणाले, "इथली हवा फार चांगली आहे हो. उन्हाळ्यातसुद्धा पहाटे चादर लागते."

मी कॉफीच्या पेल्यावरून त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या लांब येऊन मला पुन्हा नाशिकच मिळालं होतं, फक्त चादरीला दुसरं नाव होतं. आमच्याकडे भाताला हसतात तसे हे आमच्या पोळीला हसत असणार, आणि यांच्यातही एखादा काका काशी करून येऊन आमचा तज्ज्ञ झालेला असणार.

भाड्याची खोली बघायला गेलो तर घरमालकीण दारातच उभी, केसांत मोगऱ्याचा अख्खा मळा. तिला मराठी येत नव्हतं, काकांना मराठीशिवाय काही येत नव्हतं. तरी दोघं उंबऱ्यावर बसून घटकाभर बोलले, एकमेकांचं काहीही न ऐकता, पूर्ण समाधानाने. आमच्या घरात रोज हेच चालतं; फरक एवढाच की तिथं सगळ्यांची भाषा एक आहे. शेवटी तिने लोटाभर पाणी आणून दिलं. काकांनी आधी वास घेतला, मग घोट घेतला, मग डोळे मिटले आणि लोटा रिकामा केला.

"गोड आहे गं," ते म्हणाले. मग सावध झाले. "म्हणजे, वाटतं."

पुढे दोन दिवस लॉजवरची इडली "नुसती वाफ आहे" म्हणत त्यांनी इतकी खाल्ली की वाढणारा पोऱ्या आमच्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागला. निघायच्या सकाळी घरमालकिणीच्या नळावरून मी पितळी तांब्या काठोकाठ भरला, फिरकी घट्ट आवळली. हातासरशी वॉटरबॅगही भरून घेतली, वाटेत प्यायला. पण मी प्रवासात पाणी पीत नाही. माझा देवावर विश्वास आहे, रेल्वेच्या संडासावर नाही. त्यामुळे ससा होता तसाच भरलेला परत आला.

तांब्याचं मात्र तसं झालं नाही. परतीच्या गाडीत काकांना तहान लागली. चिवड्याचं मीठ आणि ठेच्याचं तिखट, दोघांनी मिळून त्यांच्या घशात मोर्चा काढला होता. स्टेशनवरचं पाणी ते पिणार नाहीत, त्यात "कुठल्या कुठल्या लोकांचे हात" असतात; आणि वॉटरबॅगेतलंही नाही, त्याला प्लास्टिकचा वास येतो. मग ते मला म्हणाले, "एक घोट. चव बघायला." रायचूरपर्यंत त्यांनी चव बघितली. वाडीला पुन्हा बघितली. सोलापूर आलं तेव्हा तांब्या उचलताना त्यांच्या हाताला काही वजन लागत नव्हतं, आणि ते तोंडाने "काय पाणी आहे, काय पाणी आहे" असं पुटपुटत होते, जसं कुणी भजनात रंगावं.

सकाळी मनमाडला उतरलो. मी सामानाजवळ बाकावर बसले. काका "आलोच" म्हणून तांब्या धोतराच्या सोग्यात झाकून फलाटाच्या टोकाला गेले. तिथं एक नळ होता. त्या काळचं मनमाडचं पाणी ज्यांनी चाखलं नाही त्यांना काय सांगू. नळाला यायचं तेच उपकार केल्यासारखं, आणि जे यायचं त्याने साबणाला फेस येत नसे; साबणच झिजून हार मानायचा. काकांनी तांब्या त्याच्याखाली धरला, भरला, फिरकी लावली, पितळ धोतराने पुसलं आणि यज्ञाचा कलश आणावा तसे दोन्ही हातांनी धरून परत आले.

मी बाकावर सरकून त्यांना जागा दिली. मला बघायचं होतं, हा माणूस किती लांब जातो.

तो फार लांब गेला. दुसऱ्या दिवशी रविवार. शेजारच्या दोन बायकाही साक्षीला आल्या होत्या. "कुकर नको," सासूबाई म्हणाल्या. "कुकरात दगड पण शिजतात." त्यांनी पितळी पातेलं स्टोव्हवर ठेवलं, वाटीभर डाळ धुतली, तांब्यातलं पाणी ओतलं, हळद टाकली. दादा घड्याळ घेऊन बसले. पातेलं रटरटत राहिलं. चहा झाला, पेपर वाचून झाला, काकांचं रामेश्वर झालं. सासूबाईंनी पळीवर दाणे घेऊन चिमटीत दाबले. दाणा निसटून मांजराच्या अंगावर उडाला.

"नाही," त्या म्हणाल्या. एवढंच.

"मी तिथंच ओळखलं होतं," काका म्हणाले. एवढं म्हणून थांबले असते तरी मी माफ केलं असतं. "अहो, घशाखाली उतरत नव्हतं. खडूचं पाणी. त्या लोकांची हाडं बघा, कशी कडक असतात. हे पाणी पिऊन पोरीचे दात जातील."

"विषय संपला," दादा म्हणाले.

आणि माझा नवरा चौकटीपासून सुटून आत आला. त्याच्या चेहऱ्यावर जी टवटवी होती ती मी आमच्या लग्नाच्या फोटोतही पाहिली नाही. "वाईट वाटून घेऊ नकोस," तो मला म्हणाला. "पाण्यापुढे कुणाचं काय चालतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा माझ्याकडे होता. मी तेच पितळी पातेलं काढलं, तीच डाळ त्याच वाटीने घेतली आणि वॉटरबॅगचं टोपण उघडून ससा उताणा केला. भाकरी थापून होईतो डाळीचा दाणा शोधून सापडेना. हिंगाची फोडणी दिली, गूळ, आमसूल टाकलं आणि ताटं मांडली. काका अर्थातच आले होते. फोडणीही त्यांना ऐकू जायची.

दादांनी पहिला घास घेतला. "ह्याला म्हणतात वरण," ते म्हणाले. "काल ते मद्रासी पाणी, आणि आज हे. शेवटी गंगेचं पाणी ते गंगेचं पाणी."

"लोणी आहे, लोणी," काका म्हणाले आणि वाटी पुढे केली.

मी वाढलं. मग विचारलं, "काका, मनमाडला तो नळ फलाटाच्या कोणत्या टोकाला होता हो?"

काकांचा घास गालातच राहिला.

"कसला नळ?" दादा म्हणाले.

"ज्याच्या पाण्याने काल डाळ शिजली नाही तो. तिकडचं पाणी काकांनी सोलापूरपर्यंत प्यायलं. गोड लागत होतं. तुम्ही आत्ता जे खाताय ते तिकडच्या घरमालकिणीच्या नळाचं आहे. पोरीच्या वॉटरबॅगेत उरलं होतं."

काकांनी बचावाचा प्रयत्न केला. तांब्याला भोक असेल म्हणाले. मग आपल्याला उष्णतेचा त्रास आहे म्हणाले. मग मनमाडचं पाणी हल्ली बिघडलंय, पूर्वी असं नव्हतं, असं म्हणत ते हात धुवायला मोरीत गेले आणि बराच वेळ हात धूत बसले.

दादांनी वाटी खाली ठेवली. मुख्याध्यापक चुकला की प्रश्नच रद्द करतो, तसं त्यांनी केलं.

"डाळीचा प्रश्नच नव्हता," ते म्हणाले. "डाळ हे एक निमित्त. घरचा पुरुष इथं, बाई तिथं, हे आपल्याकडे चालत नाही. लोक काय म्हणतील? ह्याच्या कारखान्यात काय म्हणतील?"

"दादा म्हणतायत ते बघावं लागेल," नवरा म्हणाला.

म्हणजे डाळ शिजवा, नाही तर दगड शिजवा, उत्तर आधीच ठरलेलं होतं. मी पळी खाली ठेवून उठणार होते. तेवढ्यात सासूबाई भाकरीचा तुकडा तव्यावर ठेवून वळल्या.

"प्रश्न माझा होता," त्या म्हणाल्या.

दादांनी हाताने बसायची खूण केली. त्या उभ्याच होत्या, उभ्याच राहिल्या.

"तुम्हाला सिन्नरपलीकडच्या त्या गावात बदली मिळाली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. मी सामान बांधलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. मी पहाटे उठून चूल पेटवायची, तुम्ही ताटावर बसून म्हणायचात, तुझ्या हाताला चव नाही. पाहुण्यांदेखत म्हणायचात. मलाही खरंच वाटलं. इथं आलो, गंगेचं पाणी मिळालं, पहिल्या दिवशी डाळ शिजली आणि तुम्ही म्हणालात, आता शिकलीस हो. एक शब्द मी बोलले नाही. म्हणून मी विचारलं, तिथं डाळ शिजते का. मला तेवढंच बघायचं होतं. ही तिथं जाऊन माझ्यासारखी चूल फुंकत बसणार नाही ना, एवढंच. तुमचं काय, लोकांचं काय, हे मी विचारलं नव्हतं."

मोरीत पाणी वाहत होतं. काका अजून हात धूत होते.

"शिजते," सासूबाई म्हणाल्या. "मग ती जाईल."

"आणि पोर?" दादा म्हणाले. हा त्यांचा हुकमाचा पत्ता होता. "ही बँकेत जाणार, पोरीला कोण बघणार?"

"मी."

"तू?"

"मी पण जाते. मोगरा स्वस्त असतो म्हणे तिकडे."

माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरची कालची टवटवी आता कुठल्या कुठे गेली. बायको जाते हे दुःख त्याने बहुतेक पेललं असतं. पण आई आणि बायको एकाच गाडीत बसतायत, हे चित्र डोळ्यांपुढे आल्याबरोबर त्याने चक्क स्वतःचं असं पहिलं वाक्य उच्चारलं.

"आणि आमच्या जेवणाचं?"

सासूबाईंनी त्याच्या ताटात भाकरी टाकली. "इथं गंगेचं पाणी आहे," त्या म्हणाल्या. "डाळ आपोआप शिजते."

त्या दिवशी मी बँकेत जरा लवकरच गेले. मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहिले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत ड्रॉवर ओढून एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. घरगुती अडचणींमुळे आपण ही बढती नम्रपणे नाकारत आहोत, असा मजकूर, खाली माझं नाव, सहीची जागा पेन्सिलीने आखलेली. माणूस दयाळू होता. बायकांना दोन ओळी लिहायचा त्रास नको म्हणून तो हे आधीच तयार ठेवायचा.

"करून टाका सही," ते म्हणाले. "तुम्हाला टेन्शन नको, मला पण नको. घरच्यांनी काय ते ठरवलंच असेल."

"ठरवलं ना," मी म्हटलं. कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर बढती आणि नेमणूक मान्य असल्याचं लिहिलं, सही केली आणि परत सरकवला.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागद उजेडात धरून मागची बाजू तपासली, जणू काही एखादी बाजू खोटी नोट निघेल.

"असं पाठीमागे लिहिलेलं हेड ऑफिसला चालत नाही, मॅडम."

"मग कोरा कागद द्या," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.